हयगय केल्यास

सिद्धरामच्या वेबसाइटवर त्या दिवशी सकाळपासून तीन माणसं येऊन गेली होती. एक स्वतः सिद्धराम, दुसरा ती वेबसाइट बनवणारा गुफरान आणि तिसरे सिद्धरामचे सासरे चनमल्लप्पा बिराजदार. त्यातले चनमल्लप्पा चुकून आले होते. त्यांना हवामान बघायचं होतं.

सिद्धराम अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवायचा. सोलापुरात गणवेश शिवणारे इतके, की गिऱ्हाइकानं आपल्याकडंच का यावं हे सांगायला काहीतरी हवं, म्हणून त्यानं वेबसाइट काढली. ती काढून चार महिने झाले तरी तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. शेवटी गुफरान सासऱ्या-जावयाला समोर बसवून म्हणाला, "मामू, गिऱ्हाईक आपणहून येत नसतंय. त्याला खेचून आणावं लागतं."

कसं खेचायचं तेही त्यानं सांगितलं. इंटरनेटवर म्हणे अशा साइट आहेत, जिथं कुणीही कसलाही कागद ठेवू शकतो. लोक तिथं अर्जाचे नमुने, भाषणं, प्रश्नपत्रिका शोधत येतात आणि फुकट उतरवून घेतात. आपणही शाळावाल्यांच्या उपयोगाचं काहीतरी लिहून ठेवायचं आणि शेवटी हळूच आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकायचा. वाचणारा वाचतो, पत्त्यावर बोट ठेवतो आणि थेट आपल्या दुकानात येतो.

हे लिहिणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा दोघांनीही चनमल्लप्पांकडं पाहिलं, आणि इथंच सगळं बिघडलं.

चनमल्लप्पांची उभी हयात एका सरकारी कार्यालयात शाळांना परिपत्रकं लिहिण्यात गेली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण हाताला दुसरं वळण लागलंच नाही. मेहुणा वारला तेव्हा सांत्वनाच्या पत्रालाही त्यांनी विषय आणि संदर्भ घातला होता. दूध जास्त हवं असलं की ते दाराला चिठ्ठी लावत, 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, उद्या अर्धा लिटर दूध जादा लागेल, तरी तात्काळ उचित कार्यवाही व्हावी.' दूधवाल्या बिरुदेवला आता सवय झाली होती. तो कार्यवाही करायचा.

चनमल्लप्पा उत्साहानं बसले. वर मधोमध 'गणवेशाबाबत मार्गदर्शक सूचना' असं लिहिलं, खाली 'प्रति, सर्व मुख्याध्यापक' आलं, आणि मग कलमं सुरू झाली. पँटची खालची पट्टी दोन इंच आत दुमडलेली असावी, म्हणजे मूल वाढलं तरी वर्ष निघतं. खिसा दुहेरी शिलाईचा असावा. सगळं कामाचं होतं, नाही असं नाही. सिद्धराम शेजारी बसून वाचत होता. त्याच्या गोदामात निळ्या चौकड्यांचे तागे कधीपासून पडून होते. तो म्हणाला, मास्तरलोकांनी बी गणवेश घातला तर कापड निघंल की. त्यावरून सातवं कलम आलं: 'दर शनिवारी शिक्षकांनीही निळ्या चौकड्यांचा पोशाख परिधान करावा.'

शेवटी कागद उघडा वाटायला लागला, म्हणून चनमल्लप्पांनी सवयीनं एक ओळ घातली: 'अनुपालन अहवाल सात दिवसांत सादर करावा. हयगय केल्यास संबंधितांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.' वेबसाइटचा पत्ता मात्र त्यांनी त्या पानावर येऊ दिला नाही. सूचनांच्या पानावर जाहिरात त्यांना शोभेना. पत्त्यासाठी त्यांनी वेगळं दुसरं पान केलं.

गुफराननं तो कागद पाच-सहा साइटवर ठेवून दिला. चनमल्लप्पा ते विसरूनही गेले. मग एका दुपारी वळसंगहून सोनालीचा फोन आला. सोनाली म्हणजे त्यांच्या बायकोची, महादेवीची भाची. तिकडच्या शाळेत ती शिक्षिका होती.

"काका, निळ्या चौकड्याचं कापड कुटं मिळंल ओ? शनिवारपासनं घालायचं हाय, न्हाई तर कारवाई हाय म्हनं."

"कुणी सांगितलं तुला?"

"सरकारचं परिपत्रक आलंय की. तुमाला धाडते."

तिनं धाडलं. चनमल्लप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. कागद त्यांचाच होता. कुणीतरी पहिल्या पानाचा फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला होता. एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा तो जिल्हाभर फिरत होता. खाली सही नव्हती, जावक क्रमांक नव्हता. पण ते बघायला कुणाला सवड झाली नाही, कारण शेवटच्या ओळीपर्यंत येईतो सगळे घाबरलेले असायचे. दुसरं पान कुणी पुढं पाठवलंच नव्हतं.

त्यांनी गुफरानला फोन लावला. तो आनंदात होता. कागद लई चाललाय म्हणाला, वेबसाइटवर मात्र अजून तीनच माणसं येतात, त्याचं काय ते बघतो.

"काढून टाक तो. आत्ताच्या आत्ता."

"आपले काढतो की मामू. पण लोकांनी आपापल्या नावानं परत ठेवलेत ना. त्याला मी काय करू? टेन्शन नक्को घेऊ."

चनमल्लप्पांनी टेन्शन घेतलं. सरकारच्या नावानं खोटं परिपत्रक काढलं, तर काय होतं हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? सगळ्या नोकरीत एक ठपका नव्हता, आणि आता पेन्शन थांबणार होती. पेन्शनवर दोघांचं घर चालत होतं, औषधं येत होती. पण पैशापेक्षाही त्यांना त्या नोटिशीची भीती वाटत होती, कारण ती कशी असेल हे त्यांना शब्दन् शब्द माहीत होतं. आंघोळ करताना, भाकरी मोडताना ती त्यांच्या डोक्यात आपोआप तयार होत जायची. 'आपणांविरुद्ध कठोर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

दाराची बेल वाजली की ते देवघरात जाऊन बसू लागले. गॅसवाला आला, ते देवघरात. शेजारच्या बाई कढीपत्ता मागायला आल्या, तरी ते देवघरात. महादेवीला वाटलं, माणूस म्हातारपणी देवाला लागला. मग तिला खरं कळलं, तेव्हा ती म्हणाली, "छापून काढलंय न्हवं? हाताचं अक्षर तर न्हाई. कोण वळखतंय तुमाला?"

भाषा ओळखतील, हे चनमल्लप्पांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी भाषा बदलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते, तेव्हा त्यांनी दाराला साधी चिठ्ठी लावली, 'उद्या अर्धा लिटर जास्त दे.' सकाळी बिरुदेव रोजचंच दूध घालून गेला. महादेवीनं त्याला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "कुणी पोरानं चेष्टेनं लावली वाटलं बघा. सायबांचं असं नसतंय." मग आवाज खाली करून त्यानं विचारलं, सायबांची तब्येत बरी हाय न्हवं?

शनिवारी चनमल्लप्पा औषधं आणायला बाहेर पडले. वाटेत एक शाळा लागली. पटांगणात प्रार्थना चालली होती, आणि समोर ओळीनं सगळे शिक्षक निळ्या चौकड्यांत उभे होते. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले. त्यांच्या पोटावर चौकडे ताणून रुंद झाले होते. चनमल्लप्पांना त्यांची दया आली, आणि लगेच स्वतःची आली. ते औषधं न घेताच घरी परतले.

घरी सिद्धराम पेढे घेऊन बसला होता. निळे चौकडे गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हतेच, त्यामुळं विचारत विचारत सगळे त्याच्याच दारात आले आणि गोदाम मोकळं झालं. तो खुशीत म्हणाला, "मामा, आता थंडीचं एक काढा की. स्वेटर लई पडून हायत."

चनमल्लप्पांनी पेढा खाली ठेवला.

आणखी आठवड्यानं, एका सोमवारी जुन्या कार्यालयातून फोन आला. साहेबांनी बोलावलंय, आजच या, असं म्हणून पलीकडच्यानं फोन ठेवला. चनमल्लप्पांनी स्वच्छ धोतर-सदरा घातला. बँकेचं पुस्तक कुठं आहे, विजेचं बिल कधी भरायचं, हे महादेवीला सांगितलं. रिक्षा तलावाशेजारून निघाली तेव्हा त्यांनी सिद्धेश्वराच्या कळसाला हात जोडले आणि मनात म्हणाले, काय ते एकदाच होऊ दे. सिद्धरामला वाचवायचं असेल तर वाचव, पोरीचा संसार आहे. खिशात त्या कागदाची दोन्ही पानं होती. विचारायच्या आत कबूल करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

साहेब नवे होते, तरुण होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि पाणी हवं का म्हणून विचारलं. साहेबांनी पाणी विचारल्यावर पुढं काय येतं हे चनमल्लप्पांनी खूप पाहिलं होतं. त्यांनी नको म्हटलं. टेबलावर ते पान होतं.

"काका, ही भाषा कुणाची?"

"माझी, साहेब."

"वाटलंच मला. सगळे म्हणाले, हे बिराजदारांच्या वेळचंच असणार." साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "काका, मला वाचवा. याची सहीची मूळ प्रत कार्यालयात सापडत नाहीये."

प्रकरण असं होतं. शाळांनी सात दिवसांत अनुपालन अहवाल पाठवले. इतके वेळेवर अहवाल त्या कार्यालयात पूर्वी कधी आले नव्हते. साहेबांनी हरखून ते एकत्र करून वर पाठवले. वरून शाबासकी आली, आणि शाबासकीच्या खालच्या ओळीत मूळ परिपत्रकाची प्रत मागवली होती.

"साहेब, मूळ प्रत नाहीच," चनमल्लप्पा म्हणाले. "हे परिपत्रकच नाही. मी घरी बसून लिहिलंय. जावयाच्या दुकानासाठी."

साहेबांचे डोळे भरून आले.

"कार्यालयाची अब्रू राखायला तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेताय. निवृत्त झाल्यावरसुद्धा. असं कोण करतं हो आता?"

चनमल्लप्पांनी घाईनं खिशातलं दुसरं पान काढून पुढं केलं. पुरावा होता तो. साहेबांनी सिद्धराम युनिफॉर्मचा पत्ता वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे आपल्या परिपत्रकाला यांनी जाहिरात चिकटवली."

"तसं नव्हे साहेब. दोन्ही पानं एकाच कागदाची आहेत. दोन्ही खोटी."

"पहिलं पान खोटं असूच शकत नाही," साहेब ठामपणे म्हणाले. "वाचून घाम फुटतो. दुसरं बघा, 'एकदा अवश्य भेट द्या.' हे बनावट आहे, आंधळासुद्धा सांगेल."

साहेबांना वाट सापडली होती. मूळ प्रत शोधण्याचं काम चालू आहे असं वर कळवायचं आणि तोवर सरकारी परिपत्रकाचा गैरवापर करणाऱ्यावर कारवाई दाखवायची. कडक नोटीस हवी होती, आणि तशी लिहिणारं कार्यालयात कुणी उरलं नव्हतं. काकांनी घरून लिहून आणावी, सही साहेब करतील, कुणाला काही बोलू नये. चनमल्लप्पांनी आणखी दोनदा खरं सांगून पाहिलं. साहेबांनी दोन्ही वेळा त्यांचे हात हातात घेतले.

घरी येऊन त्यांनी नोटीस मवाळ लिहायचा प्रयत्न केला. हात ऐकेना. इतके दिवस डोक्यात घोळत असलेली नोटीसच कागदावर उतरत गेली, फक्त नाव जावयाचं होतं. मोघम नोटीस त्यांनी जन्मात काढली नव्हती, म्हणून विषयाच्या ओळीतच वेबसाइटचा पूर्ण पत्ता आला. आणि खाली 'प्रत माहितीस्तव: सर्व मुख्याध्यापक.'

नोटीस निघाली, आणि संध्याकाळच्या आत ती प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलवर होती. या वेळी पत्ता पहिल्या पानावर होता. कोण हा एवढा मोठा गुन्हेगार, म्हणून जो तो त्यावर बोट ठेवू लागला. वैरागपासून अक्कलकोटपर्यंतचे लोक आले. रात्री गुफरानचा फोन आला, की गर्दीनं साइट बसली, आणि आता काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्धराम नोटीस घेऊन सासऱ्यांकडं आला. तोंड उतरलं होतं.

"मामा, हे कुणी लिवलंय ओ? वाचून दुकानच बंद करून आलोय. खुलासा तुमीच लिहून द्या. मला न्हाई जमत."

चनमल्लप्पांनी खुलासा लिहिला. प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं, नम्रपणा जागोजाग ठेवला, अनवधान हा शब्द योग्य तिथं वापरला. सिद्धरामनं तो नेऊन दिला. दोन दिवसांनी साहेबांचा शिपाई लिफाफा घेऊन दारात उभा राहिला. आत तोच खुलासा होता, आणि वर साहेबांची टीप होती: काका, आपण पाहून अभिप्राय द्यावा.

महादेवीनं ताट वाढलं होतं. ती म्हणाली, "तुमीच लिवलंय की. बरं हाय म्हनून टाका आन् जेवायला या."

चनमल्लप्पांनी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं. खुलासा एकदा वाचला, पुन्हा वाचला. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तेच त्यांना खटकायला लागलं. सगळ्या नोकरीत पहिल्या फटक्यात त्यांनी कुणाचा खुलासा मान्य केला नव्हता. त्यांनी समासात लिहिलं, 'खुलासा समाधानकारक वाटत नाही.'

"अगं बाई, का म्हनून?" महादेवीनं विचारलं.

"लिवणारा लई बेरकी हाय. आतलाच कुणी तरी असणार. शोधून काढून ह्याची पेन्शन थांबवाय पायजे," चनमल्लप्पा म्हणाले, आणि मग त्यांनी हातातलं लाल पेन हळूच खाली ठेवलं.