हनाबाईला आणायला गेलेले तात्या

इंग्रजी कादंबरी आणि तिच्या काळचा समाज, या विषयात माझा हात धरणारा अख्ख्या पुण्यात कुणी नाही, असं मी एकोणऐंशी साली छातीठोक सांगत असे! एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं. शनिवारी एस.टी.नं गावी, रिह्याला यायचो आणि चुलीपुढं बसून आईला कथा ऐकवायचो. तेवढीच परीक्षेची तालीम!

त्या दिवशी एका कादंबरीतल्या हॅनाची पाळी होती. हॅनाचा बाप मेला. भाऊ नाही, म्हणून घर-जमीन गेली दूरच्या चुलतभावाकडे. त्यानं मायलेकींना सरळ बाहेर काढलं!

भाकरी थापता थापता आईचा हात थांबला.

"कुटं हाय रं ही पोरगी?"

"आमच्या वर्गातच! रोज तिच्यावरच बोलतो आम्ही."

"आन् तुला कशी वाटती?"

"मला? फार आवडते!"

झालं! मी पुण्याला परतलो आणि दोन दिवसांत आईनं धाडलेले माझे चुलते हैबततात्या तांदळाचं गाठोडं घेऊन कॉलेजात हजर! मी नेमका लायब्ररीत. त्यांनी आमच्या सरांनाच गाठलं.

"भावकीनं जिचं घर लाटलं, ती तुमच्या वर्गातली हनाबाई कुटं हाय?"

खेड्यातला माणूस कादंबरीची चौकशी करतोय म्हटल्यावर सर हरखलेच! "हॅना? ती शेवटी गेली हो! थंडीतापानं!"

तात्यांच्या हातून गाठोडं सुटलं. सर पुढं तेव्हाच्या समाजावर बोलत राहिले, पण तात्या एव्हाना स्टँडच्या वाटेला लागले होते.

शनिवारी घरी आलो, तर दारात बायका! चूल थंड. शेजारच्या गोजराबाईनं पिठलं-भाकरी झाकून आणलेली.

"धीर धर रं लेकरा!"

मी घाईनं आत डोकावलो. "कोण गेलं?"

"तुजी हना!"

मला हसूच फुटलं. "अहो, ती पुस्तकातली! खरी नाहीच!"

बायका एकमेकींकडं बघत उठल्या. तात्या गोठ्याकडं गेले. आई मात्र डोळे पुसत बसून राहिली.

"माज्या बापाला ल्योक नव्हता," ती म्हणाली. "त्यो गेला आन् भावकीनं आमाला असंच भाईर काढलं. म्हनलं, हिला तरी घर मिळावं."

परक्या मुलखातल्या वारसाहक्कावर मी वह्याच्या वह्या भरल्या होत्या. आईचं माहेर कुठं गेलं, हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. ती बराच वेळ बोलत होती.

मग उठून तिनं चुलीत लाकडं सारली.

"आता कोनचं पुस्तक हाय?"

"एका विधवेची गोष्ट आहे. तिची मुलगी..."

"थांब! पोरगी शेवटाला मरती का, ते आदी सांग. मग चूल पेटवते!"