चुरीकाकांची स्टँडबाय मिरची

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे चुरीकाका ढोबळ्या मिरचीत मसाला भरण्याआधी पाणी भरतात. देठाकडची टोपी कापायची, आतल्या बिया काढायच्या आणि मग मिरची ओट्यावर उभी करून तिच्यात काठोकाठ पाणी ओतायचं. खाली वर्तमानपत्राचा कागद. कागद ओला झाला की ती मिरची बाद. कोरडा राहिला की काका तिच्या पोटावर टिचकी मारतात आणि म्हणतात, "ओके. टेस्टिंगशिवाय चार्ज नाही."

काकांची सगळी नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, पंपहाउसमध्ये गेली. तिथे नवी टाकी किंवा नवा पाइप वापरात घ्यायच्या, म्हणजे 'चार्ज' करायच्या आधी त्यात पाणी भरून गळती बघतात. ही सवय त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली आणि बोईसरच्या या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात राहायला आली. बरोबर आणखी एक सवय आली, ती म्हणजे स्टँडबाय. पंपहाउसमध्ये एक पंप चालू असतो आणि त्याच्या शेजारी दुसरा तयार उभा असतो. पहिला बंद पडला तर काम थांबू नये म्हणून. काकांकडे चष्मे दोन, छत्र्या दोन, चहाची गाळणी दोन. त्यांच्या घराची दुसरी किल्ली आमच्याकडे असते. ती देताना ते आईला म्हणाले होते, "एकटा पंप कधी चालवायचा नाही, वहिनी."

लग्न मात्र त्यांनी एकदाही केलं नाही.

मी स्वतःहून कुणाच्या दाराची बेल वाजवत नाही. दिवसभर घरून ऑफिसचं काम करते, कानात हेडफोन असतात, इंग्रजीत बोलून बोलून संध्याकाळपर्यंत शब्द संपलेले असतात. काकांना ते फार सोयीचं वाटत असावं. त्यांना ऐकून घेणारं माणूस हवं होतं आणि मला न बोलता उभं राहता येत होतं. शिवाय माझ्या कंपनीत मी क्वालिटीचं काम बघते, असं त्यांना आईकडून कळलं होतं. मी ज्याची क्वालिटी बघते ते सॉफ्टवेअर असतं, हे सांगायची संधी त्यांनी दिली नाही. त्या दिवसापासून मी 'इन्स्पेक्टर' झाले.

या सगळ्याची सुरुवात आक्कांपासून झाली. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. त्या केळव्याला राहतात. स्वतःची सुपारीची वाडी, स्वतःची विहीर, आणि आवाज असा की मोटारीचा आवाज त्याखाली दबतो. काका निवृत्त झाल्यावर त्या एका संध्याकाळी न कळवता आल्या. आमचं दार उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. खरं तर दार बंद असतं तरी ऐकू आलं असतं.

"दामू, ह्यो काय जेवतो हायस तू?"

"बिस्किटं, आक्का. चहात बुडवून."

"ह्यो जेवण हाय?"

काका सगळी नोकरी कॅन्टीनमध्ये जेवले होते. फर्स्ट शिफ्ट असो, नाइट असो, ताट समोर यायचं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला. कॅन्टीन मात्र बरोबर देत नाहीत.

"चल केळव्याला," आक्का म्हणाल्या. "माडाकडची खोली रंगवून ठेवलीय. नवी गादी भरून घेतलीय. हा फ्लॅट दे भाड्यानं. बाप्या माणूस तू, उपाशी मरशील हितं."

"मला येतो स्वयंपाक," काका म्हणाले.

"काय येतो?"

इथे काका 'भात' म्हणाले असते तर सगळं निभावलं असतं. वरण म्हणाले असते तरी चाललं असतं. पण घाईत माणसाच्या तोंडून आवडीची गोष्ट निघते. काका म्हणाले, "भरली ढोबळी."

मग आक्का इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन वाकून बघून गेल्या.

"आईची भरली ढोबळी? कढईत कलशासारख्या उभ्या रायच्या त्या. तू करशील? ठीक हाय. पुढच्या महिन्यात जेवायला येते. एक जरी आडवी पडली, एक जरी फुटली, तर मी येईन त्याच रिक्षात तुजं सामान. मान्य?"

"आणि नाही पडली तर?"

"आमच्या घरात चांगलं झालं असं कोण म्हणत नाय, तुला ठाऊक हाय. चांगलं झालं तर माणूस दुसऱ्यांदा मागतो. मी दुसऱ्यांदा मागितली तर राहा हितंच. परत विषय काढणार नाय."

आक्का गेल्या. काका दारात आले. मला बघून म्हणाले, "इन्स्पेक्टर, भरली ढोबळी कशी करतात?"

मी यूट्यूब म्हणाले. तो माझा त्या दिवसातला तिसरा किंवा चौथा मराठी शब्द असेल, आणि तोही मराठी नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून काका बाजारात दिसायला लागले. आमच्याकडे वाणगावच्या शेतांतून ढोबळी मिरची येते, ताजी, चकचकीत. लोक ती हातात घेतात आणि पिशवीत टाकतात. काका प्रत्येक मिरची गाडीच्या फळीवर उभी करून बघायचे. डुलली की परत. तळाला चार फुगवटे असलेली स्थिर उभी राहते, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता.

भाजीवाला वैतागला. "काका, खाना है या इन से सलामी लेनी है?"

"पहले सलामी, बाद में खाना," काका म्हणाले आणि पुढची मिरची उभी केली.

पहिल्या वेळी त्यांनी मिरच्यांत पाणी भरलं आणि तसंच रात्रभर ठेवलं. कारखान्यात टाकी अशीच भरून ठेवतात, गळती हळू असली तरी कळते. सकाळी एकही मिरची गळली नव्हती. पण भिजून भिजून त्यांची अंगं मऊ पडली होती. मसाला भरून कढईत ठेवल्यावर थोड्याच वेळात मिरच्यांनी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकल्या आणि कढईत हिरवं सूप झालं. काकांनी ते वाटीत घालून मला आणून दिलं. "टेस्टिंगमध्ये पास, प्रॉडक्शनमध्ये फेल," ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी पाणी भरून लगेच ओतून टाकलं, मिरच्या पालथ्या घालून पंख्याखाली वाळवल्या. मसाला काकांच्या आईच्या हातचा असायचा तसाच करायचा होता, म्हणजे भाजलेला सुका जवळा, ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, लाल तिखट, चिमूटभर हळद आणि आंबटपणासाठी चिंच. जवळा भाजताना आमच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या एकापाठोपाठ बंद झाल्या. काकांनी मसाला भरला, वर टोपी ठेवली आणि टोपीच्या कडेला कणकेची वळी फिरवून ती पक्की बंद केली. "गॅस्केट," त्यांनी मला समजावलं. "एक थेंब रस बाहेर जाणार नाही."

रस गेला नाही. वाफही गेली नाही. मी माझ्या टेबलापाशी मीटिंगमध्ये होते तेव्हा समोरून फट्ट असा आवाज आला. मी हेडफोन काढून धावले. एक मिरची कुशीत फाटली होती, जवळा भिंतीवर होता आणि काका झाकण ढालीसारखं धरून उभे होते. त्यांच्या भुवईवर खोबऱ्याचा एक कण होता. चेहरा मात्र अत्यंत आनंदी.

"प्रेशर रिलीज नव्हतं! इन्स्पेक्टर, चूक सापडली!"

चूक सापडल्यावर इतका खूश होणारा माणूस मी आमच्या ऑफिसात अजून बघितलेला नाही.

मग त्यांनी प्रत्येक टोपीला सुईनं एक बारीक भोक पाडायला सुरुवात केली. तो सेफ्टी व्हॉल्व्ह. फुटणं थांबलं. राहिलं ते पडणं. कढईचा तळ गोलसर, मिरची मधल्या उतारावरून घसरायची आणि आडवी व्हायची. काकांनी सपाट पातेलं घेतलं, तेलात ती पुन्हा सरकली. दोन दिवस ते रिकामं पातेलं समोर ठेवून कागदावर आकृत्या काढत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. हातात बटाटा.

"फाउंडेशन," ते म्हणाले. "पंप काय जमिनीवर ठेवतो का आपण? खाली चौथरा लागतो."

त्यांनी बटाट्याच्या जाड चकत्या कापल्या, मधे किंचित खोलगट कोरल्या, पातेल्यात मांडल्या आणि प्रत्येक चकतीवर एकेक मिरची बसवली. मंद आच, वर झाकण, झाकणावर पाणी. झाकण काढलं तेव्हा सगळ्या उभ्या होत्या. टोप्यांच्या भोकांतून वाफेच्या बारीक रेषा निघत होत्या. काकांनी पातेल्याला कडक सलाम केला. मीही केला. कुणी बघत नव्हतं.

आक्का आल्या त्या दिवशी त्यांच्या एका हातात शहाळी होती आणि दुसऱ्या हातात काथ्याची दोरी.

"दोरी कशाला?" आईनं विचारलं. साक्षीदार म्हणून आम्हां दोघींना जेवायला बोलावलेलं होतं.

"याची वळकटी बांधायला," आक्का म्हणाल्या आणि दोरी सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली.

काकांनी पातेलं आणलं. झाकण काढलं. पाच मिरच्या, पाचही सरळ उभ्या. आक्कांनी वाकून बघितलं. मग एक बोट पुढे करून एकीला ढकललं. मिरची डुलली. आईनं माझा हात धरला. मिरची परत जागेवर आली आणि उभी राहिली.

आक्कांनी चमच्यानं मिरचीचं बूड उचलून खाली बघितलं.

"बटाटा कोणी सांगितला तुला?"

"कोणी नाही. फाउंडेशन लागतं म्हणून."

"आई पण बटाट्यावर उभी करायची," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तू लहान होतास. तुला ठाऊक नसंल."

मग त्या जेवायला बसल्या. तांदळाच्या भाकरीबरोबर मिरची खाल्ली. बटाटा खाल्ला. ताटात सांडलेला मसाला भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून घेतला. काकांच्या ताटातली मिरची तशीच होती, ते फक्त आक्कांचा हात बघत होते. आक्कांनी तांब्या उचलला, पाणी प्यायल्या, तांब्या ठेवला. एवढं सावकाश पाणी पिणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

"चार माणसं जेवायला," त्या म्हणाल्या. "मंग ती पाचवी कोणासाठी?"

"स्टँडबाय आहे," काका म्हणाले.

"म्हंजे?"

"एखादा पंप बंद पडला तर..."

"पंप नाय बंद पडला," आक्का म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. "वाड."

आई टाळ्या वाजवायला लागली. मी चक्क ओरडले, काय ते मला आठवत नाही. काकांनी ती पाचवी मिरची दोन चमच्यांनी उचलून आक्कांच्या ताटात अशी ठेवली, जशी एखादी मूर्ती ठेवावी. ती तिथेही उभी राहिली. काका दोन्ही हात वर करून स्वयंपाकघरात गेले, तिथून परत आले, पुन्हा गेले. त्यांना कुठे जायचं होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. दोन मजल्यांवरच्या लोकांना त्यांनी जिन्यातून ओरडून सांगितलं, "ओके रिपोर्ट! ओके रिपोर्ट!"

आक्कांनी दुसरी मिरचीही संपवली. हात धुतले. पदराला पुसत म्हणाल्या, "चला. बरं झालं. माडाकडच्या खोलीत आता सुपारी वाळवीन. पावसापाण्याची वाडीत कुठं पसरायची, प्रश्नच असतो."

त्या हसत होत्या. आई पण हसली. पण काका दारातच थांबले. रंगवलेली खोली, नवी गादी. इतके दिवस ती धमकी वाटत होती, मलाही.

"आक्का," काका म्हणाले, "तिथं तुला स्टँडबाय कोण हाय?"

पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून 'हाय' ऐकलं.

"मी काय पंप हाय?" आक्का म्हणाल्या. चपला घालायला त्या खाली वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

काकांनी पुढे होऊन त्यांची पिशवी उचलली. "सुपारी पडवीत वाळव. शनिवारी ती खोली मला लागणार आहे. दर शनिवारी."

"जिंकलास ना? मंग कशाला येतोस?"

"जिंकलो म्हणूनच येतो. हरलो असतो तर तू नेलं असतंस. आता मी येतो."

आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या जिना उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यावरून आवाज आला, नेहमीसारखा मोठा, "येताना जवळा जास्त घाल. आई जास्त घालायची."

दोरी टेबलावरच राहिली.

आता दर शनिवारी सकाळी काका दोरीनं बांधलेला उंच स्टीलचा डबा मांडीवर घेऊन स्टेशनच्या रिक्षात बसतात. पालघरला उतरून केळव्याची एसटी पकडतात. डब्यात बटाट्याच्या चकत्या आणि त्यांवर तीन मिरच्या असतात, एक आक्कांसाठी, एक त्यांच्यासाठी आणि एक स्टँडबाय. रिक्षावाल्याला ते सांगतात, "आराम से भाई, प्रेशर व्हेसल है." निघताना आमची बेल वाजवतात, डबा वर करून मला दाखवतात आणि मी मान हलवून पास करते.

रविवारी संध्याकाळी ते परत येतात तेव्हा दार मी आधीच उघडं ठेवलेलं असतं. मी काही विचारत नाही. काका दोरी सोडून डबा उघडतात आणि माझ्यासमोर उलटा धरतात.

डबा धुतलेला असतो. आक्का अजूनही चांगलं झालं असं म्हणत नाहीत. पण एकाही रविवारी स्टँडबाय परत आलेली नाही.