अंबादास गुरुजींचा पंचम

आमच्या शाळेत हजेरी दोनदा व्हायची. एकदा मी नावानं घ्यायचे, एकदा अंबादास गुरुजी सुरानं घ्यायचे.

गुरुजींना मुलांची नावं येत नव्हती असं नाही. ते ती वापरत नसत, इतकंच. "ए गंधार, नाक पूस." "मध्यम कुठं गेला बे? शेरडं घिऊन गेला? बरं." "थोरला धैवत, मांडी घाल नीट." नवा माणूस व्हरांड्यात उभा राहून हे ऐकायचा आणि आपण शाळेतच आलो ना, म्हणून पुन्हा पाटी वाचायचा.

गुरुजी जाऊन आता काही महिने झाले. अजूनही मी बोलताना "गुरुजी म्हणतात" असं सुरू करते आणि मध्येच थांबून "म्हणायचे" करते.

चौसाळ्याच्या पुढं एक फाटा फुटतो. तिथून आत, डोंगराच्या पायथ्याला आमची शाळा. चार वर्ग, दोन खोल्या आणि आम्ही दोघं. संगीताचा शिक्षक असा आमच्याकडं कुणी नव्हताच. गुरुजी गणित शिकवायचे आणि संगीत आपल्या मर्जीनं शिकवायचे. ते फाट्यावर एका खोलीत एकटेच राहत. तिथून मोटारसायकलवर येत, तेव्हा मागच्या सीटवर जुन्या लुगड्यानं बांधलेली हार्मोनियमची पेटी असे. मी बीडहून बसनं यायचे. एकदा उन्हात मी त्यांना म्हणाले, "गुरुजी, शाळेपर्यंत सोडता का?"

"मागं जागा न्हाई बाई, पेटी हाय," ते म्हणाले. पण मला एकटीला चालत सोडणं त्यांच्या सभ्यतेत बसेना. म्हणून शाळा येईपर्यंत ते माझ्या शेजारून, माझ्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत आले. पेटी आरामात बसली होती.

पहिलीत मूल आलं की गुरुजी त्याला पेटीसमोर बसवत. एकेक सूर वाजवत आणि त्याला 'आ' करायला लावत. ज्या सुरावर पोराचा गळा आपण होऊन जाऊन बसेल तो त्याचा सूर. तो चौथी पास होईपर्यंत त्याचाच. "एका पोराला सात सूर दिले की सातीच्या साती सांडतंय," ते मला समजावत. "एक द्या, मंग बघा कसं जपतंय."

रोज प्रार्थनेआधी सरगम व्हायची. पेटी फक्त सा देऊन गप्प बसे. मग सा-वाले सा म्हणत, रे-वाले रे, असं वरपर्यंत आणि तसंच खाली. दुसऱ्याच्या सुराला तोंड लावणं हा शाळेतला सगळ्यात मोठा गुन्हा. मधल्या सुट्टीत तक्रारी येत, "गुरुजी, ह्यानं माजा रे म्हणला!"

"कावून म्हणला बे? तुला तुजा हाय ना?"

मग आरोपी कान धरून रे परत करायचा. कसा करायचा ते मला कधी कळलं नाही, पण दोन्ही पक्ष समाधानानं खिचडी खायला जात.

मोठी माणसंही यातून सुटत नसत. केंद्रप्रमुख म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. त्यांच्या गाडीचा हॉर्न हा 'रुसलेला धैवत'. मी मंद्र निषाद. "म्हंजे काय गुरुजी?" मी विचारलं. "म्हंजे तुमी हायसा बाई, पण कुणाला ऐकू येत न्हाई." माझ्या हातात नेहमी एखादं पुस्तक असे, त्यावर त्यांचं मत होतं, "चांगलंच आसंल, पण वाजत न्हाई."

स्वतः गुरुजी मात्र कधी गात नसत. त्यांचा आवाज फरशीवरून लोखंडी खाट ओढल्यासारखा होता आणि ते त्यांना ठाऊक होतं.

दिवाळी झाली की वस्तीतले लोक ऊसतोडीला निघत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, पांघरुणं आणि त्यावर पोरं. शाळा अर्धी होई आणि सरगमेला भोकं पडत. गेलेल्यांचा सूर उरलेल्यांनी म्हणायचा नाही, असा गुरुजींचा दंडक होता. त्या जागी ते बोट वर धरत, सगळी शाळा तेवढा वेळ गप्प उभी राही, बोट खाली आलं की पुढचा सूर.

त्या वर्षी पंचम एकाच मुलीकडं होता. शीतल, चौथीतली. तीही आईबापांबरोबर गेली आणि नेमके त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख आले. सा झाला, रे झाला, ग, म झाले. मग बोट वर, आणि सगळे गप्प.

"काय झालं? लाईट गेली का?" साहेबांनी विचारलं.

"पंचम कारखान्याला गेलाय साहेब."

"अहो, तुम्हीच मागं सांगितलं होतं, पंचम अचल असतो, जागचा हलत नाही म्हणून. मग कसा गेला?"

एरवी गुरुजींनी त्यांच्या हॉर्नचा तरी उद्धार केला असता. त्या दिवशी ते नुसतं पेटीचं झाकण पुसत राहिले.

मग त्यांनी फोनची युक्ती काढली. शीतलच्या बापाचा मोबाईल सकाळी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, राहायचा. शाळा भरली की गुरुजी फोन लावून पेटीवर ठेवत आणि पंचमाची पाळी आली की तिकडून शीतल 'प' म्हणे. निदान तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात रेंजमुळं तो 'प' कधी प्रतिज्ञेच्या मध्ये येई, कधी ट्रॅक्टरच्या आवाजात बुडून येई. एकदा तर राष्ट्रगीत संपून मुलं बसल्यावर आला. गुरुजींनी सगळ्यांना पुन्हा उभं केलं. "आला बगा! आता फुडं, ध!"

जानेवारीत एका सकाळी फोन बापानंच उचलला. स्पीकर सुरू होता, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं.

"गुरुजी, आता तिला न्हाई जमायचं. बारकं चालाय लागलंय. फडात सोडावं तर ट्रॅक्टर, कोयते. दिसभर तीच बघती त्याला. आन् आता शाळा तरी किती ऱ्हायली तिची? तुमी तिचा सूर देऊन टाका कुणाला."

गुरुजींनी फोन खिशात टाकला. मी हळूच म्हणाले, "तिसरीतल्या एखादीला द्या की. त्या सुरावर जाईल एखादीचा गळा."

"जागा भरली बाई, की पोरगी परत येत न्हाई." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "चौथी सुटली की पाचवी सुटली. आल्यावर कुठं हुबं ऱ्हायचं, हे तिला म्हाईत पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. मी नोकरीला लागल्यापासूनची त्यांची ही पहिलीच रजा. पेटी माझ्या ताब्यात दिली, "हिला ऊन लागू देऊ नका," एवढं बजावलं आणि एसटीनं गेले.

परतले ते फाट्यावरून चालत. शेजारी दप्तर घेतलेली शीतल, आणि खांद्यावर, गुरुजींचे दोन्ही कान लगामासारखे धरून, तिचा दीड वर्षाचा भाऊ.

"गुरुजी, हे काय?"

"ह्याच्यामुळंच अडलं हुतं न्हवं? मंग ह्यालाबी आणला."

"आणि आईनं दिला?"

"ती म्हणली, ह्याला कोण बघंल? म्हणलं, मी. तर लई हासली. मंग बसून ऱ्हायलो कोपीम्होरं. दुसऱ्या दिशी हासायची थांबली."

शीतलचे आजोबा मेंढरं राखायचे. ते रात्री दोघांना सांभाळायचे आणि दिवसा भाऊ गुरुजींच्या मांडीवर. मांडीवर पोर मावावं म्हणून गुरुजी पेटी हातभर पुढं सरकवून वाजवत, आणि मांडीवरचा शिवा वाकून मुठीनं एकाच वेळी पाच पट्ट्या दाबे. "ह्याला कंचा सूर गुरुजी?" मुलं विचारत. "ह्याला सूर न्हाई, आख्खी पेटीच पायजे." गुरुजींची पँट दिवसाआड ओली होई आणि ते ती उन्हात उभं राहूनच वाळवत, तोंडानं पाढे म्हणवून घेत.

केंद्रप्रमुख पुन्हा आले तेव्हा चष्मा सावरून म्हणाले, "हा कोणत्या वर्गात?"

"माज्या," गुरुजी म्हणाले.  साहेबांनी जाताना हॉर्नही वाजवला नाही, पोर झोपलं होतं.

त्याला झोपवण्यासाठी गुरुजी गात. मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं आहे. तीच खाट, तीच फरशी. इतक्या आवाजात कुणाला झोप लागेल यावर माझा विश्वास नव्हता, पण शिवा दुसऱ्या ओळीला मान टाकायचा.

एप्रिलात तोडणी संपली. शीतलची आई शिवाला न्यायला थेट शाळेतच आली. त्यानं तिला ओळखलं नाही. गुरुजींची कॉलर धरून तो रडू लागला. गुरुजींनी एकेक बोट सोडवलं, आईच्या कडेवर दिलं आणि म्हणाले, "तुजाच हाय, घी. दुपारी केळ कुस्करून दी, नुसतं खात न्हाई."

दुसऱ्या दिवशी शाळा पूर्ण भरली. गेलेली सगळी मुलं आपापल्या जागी येऊन उभी राहिली होती. शीतलनं पंचम असा लावला की डोंगराकडून परत ऐकू आला. तिच्या पाचवीच्या दाखल्याचं बाप स्वतः विचारून गेला होता. मला वाटलं, गुरुजी आज खूश असतील.

ते मांडी घालून पेटी वाजवत होते. पेटी त्यांच्यापासून हातभर लांब होती, हात पार ताणून वाजवावं लागत होतं.

"जवळ ओढा की गुरुजी, पाठ धरेल," मी म्हणाले.

"हां," ते म्हणाले. आणि प्रार्थना संपेपर्यंत तसेच, पुढं वाकून वाजवत राहिले.