अण्णांचं एरंडेल

विश्वनाथअण्णा महिन्याला जेवढं एरंडेल नेतात, तेवढं सगळ्या खटकचिंचोळीला मिळून लागत नाही. माझं इथं औषधाचं दुकान आहे, त्यामुळं कुणाच्या पोटात काय चाललंय हे मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळतं. अण्णा एरंडेल नेतात, सोबत एक सिरिंज आणि बोटाला लावायची पट्टी. या तिन्हींचा मेळ घालून गावानं त्यांना एक भयंकर आजार ठरवून टाकला होता. समोरच्या काकूंनी तर इसबगोलाचा डबा पाठवला. अण्णांनी तो ठेवून घेतला आणि "लई गुण आला" असा उलट निरोप धाडला.

एरंडेल पितं ते त्यांचं हेलिकॉप्टर.

अण्णा गुलबर्ग्याला तंत्रनिकेतनात शिकवायचे. तरुणपणी हैदराबादच्या जुन्या बाजारात त्यांना लिंबाएवढं एक इंजिन मिळालं. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद वापरून त्यांनी त्याला पाती लावली, त्यांची दुरुस्ती आजतागायत चालू आहे. रॉकेल, ईथर आणि एरंडेल एकत्र करून सिरिंजनं इवल्याशा टाकीत भरायचं आणि पंखा बोटानं फटकन फिरवायचा. पंखा बऱ्याचदा उलटा फटका देतो, म्हणून पट्टी. एकदा सुरू झालं की गांधीलमाशी चिडल्यासारखा आवाज होतो, अण्णा हात सोडतात आणि ते धूर ओकत वर जातं. तेल संपलं की पाती आपसूक फिरत राहतात आणि ते तरंगत कुठंतरी उतरतं.

बघणारा हमखास विचारतो, "रिमोट कुठाय?"

"न्हाई."

"मग वळवायचं कसं?"

"वळवायचं न्हाईच. त्येच्या मनाला येईल तिकडं जातंय. होगली बिडू."

म्हणजे जाऊ दे, सोड. हे कानडी पालुपद अण्णा सगळ्याला लावतात. लाईट गेली, होगली बिडू. चहात साखर नाही, होगली बिडू. माझ्या लग्नात मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो होतो, माझ्या फेट्याचा शेमला चाकात गेला आणि मी मागं ओढला गेलो, तेव्हाही त्यांनी स्कूटर थांबवून शांतपणे हेच सांगितलं.

पण मनाला येईल तिकडं गेलेल्या हेलिकॉप्टरच्या मागं जायला मोटारसायकल लागते, आणि ती माझ्याकडं आहे. अण्णा मागं बसतात, मान आभाळाकडं करून.

"डावीकडं घे."

"डावीकडं विहीर हाय, अण्णा."

"मग जरा कमी डावीकडं घे."

ते उतरायचं गंगक्कांच्या तुरीत. नेहमीच. गंगक्का म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. गावाच्या पश्चिमेला मळ्यातच राहतात. अण्णांच्या बायको, वहिनी, वारल्या तेव्हा गंगक्का औरादला गेल्या होत्या, तिथनं यायला त्यांना उशीर झाला. दुःखाच्या भरात अण्णा चार माणसांत बोलून गेले, "आता कामून आलीस?" त्या उंबऱ्यावरूनच परत गेल्या. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

आम्ही पोचेपर्यंत हेलिकॉप्टर गंगक्कांच्या मांडीवर असायचं. अण्णा माझ्या मागं उभे. त्या माझ्याशीच बोलायच्या, धाकट्या भावाला म्हणावं तसं 'तम्मा' म्हणून.

"तम्मा, सांग ह्येनला. माझी तूर मोडायलीय."

अण्णा मला म्हणायचे, "सांग तिला, ह्येचं वजन चिमणीएवढं हाय."

"सांग, चिमणीला मी हाकलते."

"इचार, पाती तुटली का?"

"सांग, तुटली व्हती. चिकटवलीय."

खरंच, तुटलेल्या जागी चिंचोक्याच्या खळीनं कागद नीट बसवलेला असायचा. तिघं चहा प्यायचो. दोन हातांवर बसलेल्या भावंडांचे निरोप पोचवून माझा घसा दुखायचा.

एका सकाळी वारं अगदी मंद होतं. उडवायला याहून चांगला दिवस मिळाला नसता. अण्णांनी मूठभर माती उडवून पाहिली आणि खोकं बंद केलं. "आज वारं बरं न्हाई."

"इतकं तर शांत हाय."

"बरं न्हाई म्हणलं ना."

माती पूर्वेकडं, तळ्याच्या बाजूला गेली होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मनाला येईल तिकडं जाणारं ते हेलिकॉप्टर पूर्वेकडनं, मळ्याच्या दिशेनं वारं असल्याशिवाय कधी सुटलंच नव्हतं. मी अण्णांकडं पाहिलं. ते खोक्याला सुतळी बांधत होते, गरजेपेक्षा जास्तच गाठी मारत.

उन्हाळा लागला. वारं पश्चिमेकडनं वाहायला लागलं ते फिरायचं नाव घेईना. अण्णांचं एरंडेल बंद झालं. गावाला वाटलं, आजार बरा झाला. ते माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे आणि न विचारता गिऱ्हाइकांना औषधं सुचवायचे.

एके दुपारी गंगक्का दुकानात आल्या. डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला. काउंटरवरची गोळ्यांची पाकिटं त्यांनी उगाच सरळ लावली.

"तम्मा, अण्णाला बरं न्हाई का?"

"बरं हायेत की. का हो?"

"न्हाई, हेलिकॉप्टर येईना गेलंय."

"वारं फिरलंय, अक्का."

त्यांनी मान हलवली. "वाऱ्याचं मला नको सांगू, ते ठावं हाय मला. घरी हाय का?"

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्यासोबत गेलो. अण्णा ओट्यावर पाती घासत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी घासकागद खाली ठेवला, परत उचलला, मग माझ्याकडं पाहिलं. मी निरोप्याचं काम करायला पुढं झालो, पण गंगक्कांनी मला हातानं बाजूला केलं.

"अण्णा, जेवलास का?"

अर्ध्या तासापूर्वी ते माझ्या घरी तीन भाकरी खाऊन आणि वर ताक पिऊन उठले होते.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

गंगक्कांनी चप्पल काढली आणि त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या.