जसे दाखवले तसे

घर विकायच्या करारनाम्याला वकील लागतो, हे जावईबापूंना मुळीच मान्य नव्हतं. सासूबाई राहायला आल्यापासून शेजारीपाजारीही त्यांना जावईबापूच म्हणत. पण कागदाच्या बाबतीत आपला दरारा आहे, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांचं एकट्याचंच होतं.

"असं एक कलम घालतो की समोरच्याची बोलतीच बंद!" त्यांनी बायकोला बजावलं.

बोलती बंद करण्याची गरजही होती. एका भिंतीला ओल आली होती, तिच्यापुढे त्यांनी बायकोचं माहेरचं सागवानी कपाट सरकवलं. तडा गेला होता तिथे सासऱ्यांचा फोटो टांगला. डुगडुगणाऱ्या फरशीवर आरामखुर्ची ठेवली आणि ती कोणी उचलू नये म्हणून तिच्यात सासूबाईंना बसवलं. राहिलं स्वयंपाकघराचं दार. ते बिजागरीतून निखळलं होतं आणि त्याच्यापुढे ठेवायला घरात काही उरलं नव्हतं. म्हणून जावईबापू स्वतःच त्याला पाठ लावून उभे राहिले.

घर बघायला शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. दलालाने मोबाइलवर खोलीचा फोटो काढला. पुढे तो कराराला जोडला गेला आणि त्याखाली जावईबापूंनी आपलं कलम लिहिलं : 'घर जसे दाखवले तसेच, काहीही न हलवता द्यावे-घ्यावे, अन्यथा व्यवहार रद्द.' बाईंनी कपाटामागे डोकावू नये, एवढाच डाव होता. शेवटचे शब्द जरा वजन यावं म्हणून.

ताबा द्यायच्या दिवशी खाली टेम्पो उभा होता. नव्या घराच्या मालकाचीही अट होतीच : आधी जुनं विका, मग किल्ली. हमालांनी कपाट उचललं आणि नेमक्या बाई आत आल्या.

"ठेवा खाली!" त्या वर्गात बोलतात तशा म्हणाल्या. "काहीही न हलवता, असं लिहिलंय. कपाट, फोटो, खुर्ची. सगळं इथेच राहणार."

"अहो बाई, त्याचा अर्थ तसा नव्हे..."

"माझं माहेरचं कपाट विकलंत तुम्ही?" बायकोने कागद ओढून घेतला.

"विकलं नाही गं! मागे ओल दिस..." जावईबापूंनी जीभ चावली.

"ओल मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तडा, फरशी, दार, सगळंच. आजी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा त्यांनीच सांगितलं. मी किंमत त्या हिशेबानेच सांगितली होती."

"त्यांनी सरळ विचारलं," सासूबाई म्हणाल्या. "मी कशाला खोटं बोलू?"

"मग तुम्ही या कलमावर सही का केलीत?" जावईबापूंचा आवाज चिरकला.

"कपाट आवडलं होतं."

जावईबापू एकदा कपाटाकडे, एकदा बायकोकडे बघू लागले. कपाट ठेवलं तर बायको जाणार, नेलं तर दोन्ही घरांचे व्यवहार जाणार!

सासूबाईंनी चष्मा लावून करारावरचा फोटो न्याहाळला. "अगं बाई, यात जावईबापूही आहेत की."

बायकोनेही वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे ठेवून घ्या," ती बाईंना म्हणाली. "बाकीचं सोडा."

"यांचा उपयोग काय?"

"दार धरतात. बघितलंत ना तुम्ही."

"आणि ओल? तडा? फरशी?"

"तेही करून देतील. रविवारी मोकळेच असतात."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि मान डोलावली. जावईबापूंना कोणी विचारलं नाही. विचारायचं काय, कलम त्यांचंच होतं!

कपाट गेलं, फोटो गेला, खुर्ची गेली.

"जावईबापू, रात्री जेवायला मात्र या हं!" सासूबाईंनी जिन्यातून हाक मारली.

जावईबापूंना निदान खिडकीतून हात हलवायचा होता. पण सुतार येईपर्यंत दार सोडता येत नव्हतं.