ज्ञानूभावजींचं सोनं

आमचे ज्ञानूभावजी कुणाच्याही घरी गेले की आधी पाण्याची परीक्षा घेतात, मग माणसांची विचारपूस. तुम्ही तांब्या पुढं करा. ते खिशातून बोटाएवढी काचेची बाटली काढणार, त्यात घोटभर पाणी घेणार, औषधाचे दोन थेंब टाकणार आणि उन्हाला धरणार. पिवळं झालं म्हणजे पाण्यात जंतू मारायची पावडर आहे. मग ओरडणार, "सोनं हाय, सोनं!" पांढरं राहिलं तर तांब्या अंगणात पालथा. घरधनीण रुसली तर रुसली.

भावजी म्हणजे सख्खे दीर नव्हेत, आमच्या ह्यांचे मित्र. फौजेतून रिटायर होऊन आले तोवर बायको गेलेली, लेक लांब दिलेली. पंचायतीनं टाकीत पावडर टाकायचं काम दिलं, तेव्हापासून टाकी हीच त्यांची सरहद्द. "दुश्मन दिसत न्हाई वैनी, म्हणून जागतं ऱ्हायाचं!"

माझ्या मुलाची सुपारी फोडायला मलकापूरला गेलो होतो. व्याह्यांनी गूळपाणी ठेवलं आणि भावजींनी तिथंही बाटली काढली. व्याही दचकले. "आवं पावनं, काय टाकताय त्यात?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावजींनी बाटली खिडकीला धरून निकाल दिला, "सोनं हाय! पोरगी करून टाका!"

आमच्या गावात त्यांच्या फेरीचं शेवटचं घर माझं, कारण माझा नळ पाइपाच्या अगदी टोकाला. रोज सकाळी अंगणातून हाक यायची, "वैनी, बगा की, सोनं हाय न्हवं?" माझे हात पिठात. मी मान वर न करता म्हणायचे, "व्हय व्हय, हाय."

गेल्या महिन्यात गावातले दोघं काविळीनं दवाखान्यात गेले. माझी सून सात महिन्यांची पोटुशी. नर्सबाई म्हणाली, "आजी, पोटुशीला कावीळ झाली तर दोन जिवांवर बेततं." दुसऱ्या दिवशी हाक आली तशी पहिल्यांदाच हात झटकून बाहेर आले.

"सोनं हाय न्हवं?"

बाटलीतलं पाणी पांढरंफटक होतं.

"भावजी, ह्यात पिवळं कुठाय?"

"न्हाई?" त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली. "मला तर समदंच पिवळं दिसतंय, वैनी. वरीस झालं. मोतीबिंदू हाय. म्हणून तर तुमास्नी रोज इचारत हुतो."

वर्षभर गावाचं पाणी माझ्या डोळ्यांवर चाललं होतं, आणि मी एकदाही बघितलं नव्हतं.

मागून सून म्हणाली, "आत्या, मी मघाशीच तांब्याभर प्याले."

भावजी धोतर सावरत देवळातल्या भोंग्याकडं पळाले. "कुणी पाणी पिऊ नगा! उकळून प्या!" दुपारी गटाराशेजारी फुटलेला पाइप सापडला. पण पोटात गेलेलं पाणी कोण काढणार? कावीळ दिसायला महिना-दीड महिनाही लागतो म्हणे.

"आधी का नाही सांगितलंत?" मी रागानं विचारलं.

"सांगितलं आसतं तर बाटली काढून घेतली आसती." ते खाली बघत म्हणाले, "मग सकाळी कुणाच्या दारात जायाचं मी?"



आता पावडर दुसरा माणूस टाकतो. बाटलीची फेरी भावजींचीच, पण डोळे माझे. घरोघर बरोबर जाते. पीठ नंतर मळते. भावजींच्या ऑपरेशनचा दिवस ठरलाय. फेरीवरून परतल्यावर सुनेला उन्हात उभी करते आणि पापणी खाली ओढते. बाटलीत पिवळं हवं, डोळ्यांत नको. भावजी फाटकापाशीच थांबतात, आत येत नाहीत.

"पांढरं हायत न्हवं, वैनी?"

"पांढरे आहेत."

"नीट बगा."

आज अठरावा दिवस. मी त्यांच्यापुढं तांब्या धरला. म्हटलं, आता खिशात हात जाणार. गेला नाही.

"तुमी बगितलंय न्हवं?" म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावला.

बघितलं होतं. दोनदा.