स्मृत्यर्थ कडी

समाजाला शिक्षणाची किती कळकळ आहे, हे ओळखण्याची एकच खात्रीची खूण आहे आणि ती म्हणजे संगमरवर. ज्या शाळेच्या भिंतीवर दात्यांच्या पाट्या जास्त, ते गाव पुढारलेलं, असं बेलाशक समजावं. या कसोटीवर बाईंची शाळा अव्वल होती. तिथे भिंत दिसतच नसे.

हे सगळं गावच्या स्थायी निधीचं पुण्य. लोकांनी दिलेलं मुद्दल तसंच ठेवायचं आणि त्याच्या व्याजातून शाळा, वाचनालय, दवाखाना यांना मदत करायची, अशी ही योजना. योजना इतकी चांगली आहे की तिला हसायची सोय नाही. (प्रयत्न करून पाहिलेला आहे.)

बाई त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांची अडचण अगदी क्षुल्लक होती. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. त्यामुळे एक मुलगी आत जाई, दुसरी बाहेरून दार धरी आणि दुसरीने गंमत म्हणून पळ काढू नये यासाठी तिसरी तिच्यावर नजर ठेवी. गणिताच्या तासाला अर्ध्या वर्गाची हजेरी अशी दारापाशीच लागे. मोठ्या मुलींनी यावर बिनखर्ची तोडगा काढला. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. पण धावण्यात कायम पहिली येणारी मुलगी एकदा भर मैदानात चक्कर येऊन खाली बसली आणि बाईंच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

बाईंनी निधीकडे अर्ज केला. निधीने सखोल विचार केला. मुली पाणी पीत नाहीत, सबब त्यांना पाण्याची सोय करून द्यावी, असा ठराव होऊन शाळेला तिसरा वॉटर कूलर मिळाला. बाईंनी आभार मानले. (मानावेच लागतात. आभाराचा मजकूर निधीकडूनच येतो.)

शेवटी बाईंनी नणंदेचं घर गाठलं. नणंद निधीची चिटणीस होती.

"वन्सं, कूलर पुरे झाले हो. मला कडी हवीय."

"वहिनी, मला का कळत नाही? पण कडी म्हणजे दुरुस्ती झाली. दुरुस्तीचं उद्घाटन कसं करायचं? आणि एवढ्याशा कडीवर नाव कुठे घालायचं?"

"मग मीच आणून लावते."

"मागे लावलीत ना? काय झालं मग?"

मागे काय झालं, तर बाईंनी पदरच्या पैशांनी सुताराकडून कडी ठोकून घेतली होती. पण तो दरवाजा एका घराण्याने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला. वडिलांना भोकं पाडली म्हणून अख्खं घराणं निधीच्या कचेरीत येऊन बसलं. कडी सन्मानपूर्वक काढण्यात आली. भोकं राहिली, कारण भोकं बुजवणं ही पुन्हा दुरुस्तीच. शिवाय शिक्षकांनी शाळेवर स्वतःचे पैसे खर्च करू नयेत, त्याने दात्यांचा उत्साह मावळतो, असा नियमही झाला.

बाई मात्र हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नाव कडीवर नकोच. दाराच्या आतल्या बाजूला पाटी लावू. शाळेतली प्रत्येक मुलगी रोज एकदा तरी त्या पाटीसमोर बसणार. निवांत. दुसरं काही वाचायला नसताना."

नणंदेचे डोळे लकाकले. "अगं बाई! एवढं निवांत वाचन तर वाचनालयातसुद्धा होत नाही."

दाता त्याच दिवशी मिळाला. खुद्द निधीच्या अध्यक्षांनी आपल्या सासूबाईंच्या स्मृत्यर्थ कडी जाहीर केली. सासूबाई हयात होत्या, पण जागा इतकी मोक्याची, की अध्यक्षांना ती हातची घालवणं जिवावर आलं. भोकं तयारच होती, त्यामुळे दरवाजाच्या घराण्यानेही हरकत घेतली नाही.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. स्वच्छतागृहाला फीत, फितीपुढे माईक, माईकमागे मुलींच्या रांगा. पहिल्या रांगेत सासूबाई. 'स्मृत्यर्थ' म्हणजे नेमकं काय, असं त्या शेजारणीला विचारत होत्या. अध्यक्षांनी कडीच्या सामाजिक महत्त्वावर भरभरून भाषण केलं, फीत कापली, आत गेले आणि दार लोटून घेतलं. टाळ्यांसाठी हात वर झाले.

आतून बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग दार उघडून अध्यक्ष बाहेर आले.

"ही अडकवायची कशात?"

कडी ज्यात अडकते तो चौकटीवरचा कोयंडा नव्हता. जुना कोयंडा मागे जुन्या कडीबरोबरच निघाला होता. नवी मंजुरी फक्त कडीची होती. कोयंड्याचं नाव कुणीच काढलं नव्हतं, अगदी बाईंनीही नाही. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

सासूबाई उठल्या आणि दारापाशी गेल्या. "जावईबापू, जा तुम्ही आत, लाजू नका. मी बाहेरून धरते."

मुली फिदीफिदी हसल्या, गाव हसलं आणि बाईंनाही हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी माईक ओढून घेतला.

"मंडळी, एक कोयंडा हवाय. चहाच्या पैशांत येतो. तो लागला की या पोरी उद्यापासून पोटभर पाणी पितील. फक्त एवढंच, की कोयंड्यावर नाव मावत नाही आणि दारावरची जागा संपली. तेव्हा नाव लागणार नाही."

काहींना आपल्या चपलांची शिलाई पाहण्याजोगी वाटली. काहींना त्याच क्षणी फोन आले. मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू मोकळी आहे का, अशी चौकशी मागच्या रांगेतून झाली आणि ती जागा तिथल्या तिथे नोंदवलीही गेली.

बाई अजून माईक धरून उभ्या आहेत. मुली आधी गावाकडे बघत होत्या, आता तुमच्याकडे बघतायत. वाचता वाचता तुमचा हात खिशाकडे गेला होता, तो त्यांनी पाहिला. आणि कुठल्या वाक्याला तो परत फिरला, तेही पाहिलं.